लराबाची थोरली

३ नोव्हेंबर
योला शहरातून सकाळी निघाले, जेवणाच्या आत छावणीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षं घरात बसून हाडं गंजली होती. पुन्हा काम मिळाल्याचा आनंद आहे. खोली स्वच्छ, टेबल डगमगत नाही. उत्तरेकडची गावं जळली, तिथून आलेल्या आमच्या फुलानी माणसांची शिरगणती करायची. मी लिहीन तेवढ्यांनाच धान्याचं आणि औषधाचं कार्ड. बायकांची म्होरकी दाद्दो, म्हातारी सुईण, वाडगाभर फुरा, दुधात कालवलेली बाजरी, घेऊन आली. म्हणाली, मालमा, माझ्या भाचीनं तुमच्या शाळेत छड्या खाल्ल्यात, तेव्हा आमचे आकडे काही चुकायचे नाहीत. हसू आलं.

५ नोव्हेंबर
एकेचाळीस तंबू झाले. नियम साधा: आईनं सांगायचं, मी लिहायचं. तंबू सतरामध्ये लराबानं तीन मुलं सांगितली. शेजारी नऊएक वर्षांची मुलगी उभी, कपाळ हुबेहूब लराबाचं. ही कुणाची, विचारलं. लराबानं ओढणी तोंडावर घेतली आणि म्हणाली, असेल कुणाची तरी.
पहिल्या मुलाचं नाव आमच्या बायका घेत नाहीत, त्याला आपलं म्हणत नाहीत, लाज असते. गावात ते आजी सांगते. इथे किती आज्या पोचल्या? शिरगणतीतला माझा मदतनीस दाहिरू पुटपुटला, मालमा, थोरली राहिली. मी म्हटलं, अंदाजपंचे कारभार मी वर्गातही चालवून घेतला नाही. तीन लिहिले. तेवीस तंबूंत असंच घडलं.

९ नोव्हेंबर
यादी गेली. कार्यालयाकडून शाबासकी: एकही खाडाखोड नाही. दाद्दो म्हणाली, खाडाखोड कशाला हवी, माणसंच खोडलीत की. या बाईच्या जिभेला हाड नाही.

१७ नोव्हेंबर
धान्य आलं. लराबा तिघांना वाढते. थोरलीला चारचौघांत आपल्या हातानं वाढणं तिच्यानं होत नाही. मुलगी भांड्याच्या तळाची खरवड खाते. मी पाहिलं. दुरुस्ती पाठवायची तर मला ठाऊक होतं, असं लिहावं लागेल. आज नको.

२३ नोव्हेंबर
गोवर पसरला. दवाखान्याच्या तंबूत कार्ड मागतात. लराबाची थोरली दोनदा परत पाठवली. आज दुपारी वारली. लराबा रडली नाही. पहिल्यासाठी रडत नाहीत. एकच भांडं संध्याकाळपर्यंत घासत बसली. दाहिरूनं विचारलं, जी यादीतच नाही तिचा मृत्यू कुठे लिहू? मी खोलीत जाऊन बसले.

२५ नोव्हेंबर
भर दुपारी, तंबू सहाच्या दारात ती उभी, लराबाचंच कपाळ. दाहिरूला दिसली नाही. तासाभरात सहामधली थोरली तापली.

२६ नोव्हेंबर
आज अकराच्या दारात. आणि अकरामधला थोरला —
दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. 'नजरचुकीनं' असं लिहिलं. फाडलं. पुन्हा तेच लिहिलं.

२७ नोव्हेंबर
सहामधली गेली. अकरामधलाही. आता ती तिसाच्या दारात.
दाद्दोला सांगितलं. ती म्हणाली, न्यायला नाही येत ती. पुढचं कोण, ते दाखवायला येते. तू बघतेस आणि परत खोलीत जाऊन बसतेस.
मला तू म्हणाली. खरंच आहे.

२८ नोव्हेंबर
लिहिलं. मला ठाऊक होतं, तरी मी सोडलं, असंच लिहिलं. खाली सही केली.
कोरे फॉर्म संपले. नावं याच वहीत लिहून पानं फाडून देईन. पानं कार्यालयात न्यायला दाहिरू बाहेर मोटारसायकल चालू ठेवून थांबलाय. तिसामधल्या थोरल्याचा अजून श्वास चालू आहे.
दाद्दो नावं सांगतेय. आयांनी पाठी फिरवल्यात, पण कुणी थांबवत नाही. बावीस झाली.
तंबू सतरामधली राहिली. दाद्दोला ठाऊक नाही, लराबा दुसऱ्या गावची. लराबाला बोलावलं. दारात उभी आहे. ओठ हलतात, आवाज नाही.
टेबलापाशी कुणीतरी — ऊन आहे, सावली नाही —
दाद्दो विचारते, कुणाकडे बघतेस.
वाकली. तेच कपाळ माझ्या कानाशी. गार —
सांगतेय. लिहिते.
सतरा. लराबाची थोरली. वय नऊ. नाव