गुडीहत्नूरले उतरलेली बाई

सोम. ३ नोव्हें.

बाप्पा! शाळेत आज पोरांले काय शिकवलं, देवाले माहीत.

सकाळची उटनूर बस मावल्याच्या स्टॉपलेच फुल्ल. बायांले फुकट झीरो तिकीट झाल्यापासून बाया मोप फिरतात, चांगलंच आहे म्हणा. माझ्या बाजूले एक बाई बसली, माझ्याच वयाची, पायाशी सीताफळांची पिशवी. ओळख ना पाळख, एक फळ काढून माझ्या हातात कोंबलं. नाव कमल. तेवढ्यात पुढं एक पोटुशी पोरगी उभी दिसली. आम्ही सगळ्या ओरडलो, तिले जागा मिळाली. अन् कमल सहज म्हणते, "माझ्या मायनं याच रोडनं, बसमधेच, एका बाईचं बाळंतपण केलतं."

माझ्या हातचं सीताफळ खाली.

"तुमचं गाव गुडीहत्नूर का?" मी इचारलं.

"नाही व. आमी नार्नूरकडचे. त्या दिवशी मामासाठी पोरगी पाहाले गेलती माय गुडीहत्नूरले. सोयरीक काही जमली नाही. पुन्हा कोणी तिकडं पाय नाही टाकला."

मी जोरात ओरडली, "अवं, ते लेकरू मी आहो!" सगळी बस मागं वळून पाहे. कंडक्टर तेलुगूत म्हणे, एमैंदम्मा, काय झालं बाई? काय सांगू त्याले, काय झालं! कमलनं मले मिठीच मारली.

किती वर्षं आईनं गुडीहत्नूर पालथं घातलं! बाळंतपण करून बाई तिथं उतरली, म्हणून तिथलीच, असं धरून बसलो सगळे. कोणाच्या डोक्यातच आलं नाही की माणूस पाहुणा म्हणूनही उतरते.

मंगळ. ४

काल घरी आल्याबरोबर आईले सांगितलं. आनंद दूर, आधी माझ्यावरच उखडली. "तशीच तिच्यासंगं काऊन नाही गेली? शाळा काय पळून चाल्ली होती?"

मग ट्रंक उघडली. पाचवीले सुईणीले लुगडं, खण, नारळ द्यायचा आपल्याकडं मान. माझ्या पाचवीले सुईणच नव्हती. आईनं तेव्हा घेतलेलं हिरवं नऊवारी अजून डांबराच्या गोळ्यांत जपलेलं. माझ्या तिन्ही बहिणींच्या सुईणींले मान पोचला, फक्त माझ्या सुईणीचा राह्यला. "तो दिल्याबिगर मी डोळे मिटणार नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकून राह्यली. आज लुगडं उन्हात टाकलं अन् स्वतः बाजूले खुर्ची टाकून बसली, कोणी चोरून नेते जसं.

गुरु. ६

कमलचा फोन. तिची म्हातारी माय आहे अजून, पण जेवण कमी झालं. "लवकर या," म्हणे. आई म्हणते उद्याच जाऊ. म्हटलं रविवारी, मले सुट्टी नाही. तेव्हापासून अबोला. भाजीत मीठही नाही टाकलं आज, मुद्दाम!

रवि. ९

जाऊन आलो. कुठून सुरू करू...

म्हातारी अंगणात बाजेवर. नजर अधू, आवाज मात्र खणखणीत. आई जवळ बसली. "वळखलं का, माय?"

"बाजूले सर, उजेड येऊ दे."

मग म्हातारी आपणहूनच सांगू लागली. बस थांबवली, गडीमाणसं खाली उतरवले. एक न्हावी होता, त्याचा वस्तरा काडीनं तापवून नाळ कापली. सगळं आई सांगते तस्संच! अन् शेवटी म्हणते, "पोरगा झाला. गोरापान."

मी म्हटलं, "मावशी, पोरगी झालती. ती मीच."

"पोरगा होता. मी पाह्यलं की तू पाह्यलं?"

आता पुरावा काय दाखवू? कमल हसून हसून लोळली. मी आईकडं पाह्यलं तर आईचे डोळे वाहून राह्यले. मले वाटलं, गेलं सगळं पाण्यात, घर चुकलं. मी हळूच लुगड्याची पिशवी मागं ओढली. आईनं माझ्या हातावर चापट मारली! लुगडं, खण, नारळ म्हातारीच्या ओटीत घातला, पायावर डोकं ठेवलं अन् म्हणाली, "हाव माय, पोरगाच होता."

दोघींचं डोकं फिरलं, असंच वाटलं मले.

परतीच्या बसमधे आईनं खिडकीबाहेर पाहात पाहात सांगितलं. इतक्या वर्षांत पह्यल्यांदा.

त्या दिवशी आजी संगं होती, माझ्या बापाची माय. तीन पोरींवर चौथी पोरगी झाली तर सुनेले तिकडूनच माहेरी धाडीन, असं बजावूनच बसमधे बसलेली. आईनं कळा देता देता त्या अनोळखी बाईले तेवढंच सांगितलं. मी झाली. आजीनं पुढच्या सीटवरून इचारलं, काय झालं? बाईनं आईकडं एकदा पाह्यलं अन् ठोकून दिलं, "पोरगा!" आजी उठून धावत आली. अंगावरच्या धाबळीत गुंडाळून मले मांडीवर घेतलं, ते आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंत खाली नाही ठेवलं. तिथं नर्सनं धाबळी सोडली. आजीनं धाबळी पुन्हा गुंडाळली. मग म्हणे, "असू दे. मले सवय झाली हिची."

मी भर बसमधे रडली. आजीचा रागही आला, अन् आजी हवीशीही वाटली. चार बहिणींत तिची लाडकी मीच होती.

सोम. १०

दुपारी कमलचा फोन. "माय सकाळपासून इचारून राह्यली, त्या पोराले काऊन नाही आणलं? पुढच्या खेपेले घेऊन या म्हणते."

मी म्हटलं, "कमल, खरं सांग. तिले खरंच तसं वाटते, की आईची बाजू राखून राह्यली अजून?"

"काय माहीत व! इचारते अन् तोंडाले पदर लावते. मले तर हसल्यासारखी दिसते."

आईले सांगितलं. आई म्हणे, "मंग सांग ना, येतो म्हणा पोरगा."

येत्या रविवारी जायचं ठरलं. पोरगी म्हणून जाऊ का पोरगा म्हणून, तेच अजून ठरून नाही राह्यलं.