न बोलावता

प्रिय बाबा,

लेकीचा नमस्कार घ्या, त्यातला अर्धा आईला द्या.

मी खुशाल आहे. शिवणकाम चाललंय, बोटं अजून दहाच्या दहा आहेत. आईची साखर कशी आहे?

पुरीमचा सण जवळ आला की तुमची फार आठवण येते. एस्तेर राणीच्या पोथीत देवाचं नाव एकदाही नाही, म्हणून मी लहानपणी रुसायचे. तुम्ही म्हणायचात, "रब्बी सांगतात, तो लपलाय, गेलेला नाही." न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा, तरी आपल्या लोकांना वाचवायला एस्तेर आत निघाली, तेव्हा मूर्तींच्या दालनापाशी तिला वाटलं, देवाने आपल्याला सोडलं. तरी ती पुढे गेली, हेही तुम्हीच सांगितलंत.

बाबा, इथे मालकांच्या खोलीत न बोलावता कुणी जात नाही. जी जाते, ती पुन्हा मशीनवर दिसत नाही. पण कारखान्याला बाहेरून कुलूप असतं, आणि काल आत धूर झाला तेव्हा कुणी उघडलंच नाही. बायका म्हणतात, "तूच जा गं, तुझं काम त्यांना आवडतं." कुलूप काढा म्हणायला उद्या जाणार आहे.

किती विनवण्या केल्या देवाच्या. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. लपलाय की गेलाय, हे एस्तेरला तरी कळलं होतं का हो?

आईला यातलं काही सांगू नका. तिला वेळेवर जेवायला घाला.

राजाकडे जाण्याआधी एस्तेरने आपल्या माणसांना तिच्यासाठी उपास करायला सांगितलं होतं. हे पत्र पोचेल तोवर मी जाऊन आलेली असेन. तरीही बाबा, वाचाल त्या दिवशी तुम्ही जेवू नका.

तुमची,
धाकटी