पुलावर मागे राहिलेला ट्रक

गुरुवार, सायंकाळ. अनसिंग.

स्वस्ति श्री! द्विचक्रकुलभूषण, पादबलैकविश्वासी, मंदगतिसम्राट असे आम्ही आज वाशिमहून परतताना कठडे नसलेल्या अरुंद पुलावर सदेह स्वर्गारोहणाच्या बेतात होतो. मागून तुरीची पोती लादलेला ट्रक, डावीकडे खोल नाला. सरावे तरी कुठे?

पण ट्रक अंगावर आलाच नाही. वळून पाहिले, तर चालकाने आमचीच मंदगती स्वीकारलेली. हॉर्नला स्पर्श नाही, आणि खिडकीबाहेर काढलेल्या हाताने मागची जीप थोपवलेली. जीपवाल्याचा आक्रोश चालूच.

"काहून बोंबलून राह्यला बे? समोर काका हायेत!"

"मले उशीर होऊन राह्यला!"

"मंग उडून जाय!"

'काका' हे संबोधन क्षमार्ह. परंतु तो हात! अभयमुद्रा याहून वेगळी असते काय? आमच्या हाती ट्रक असता, तर एका सायकलस्वारासाठी इतका संयम... नसता. हे येथेच लिहितो, अन्यत्र नाही.

पूल संपताच आम्ही बाजूला झालो. पुरेसे अंतर राखून तो पुढे गेला, जाताना पुन्हा तोच हात, "चाला काका, आरामानं!"

त्याच्या धुराने मात्र आमचा शुभ्र सदरा काळवंडला. दोनदा घासला. निघत नाही. उद्या भाचीच्या साखरपुड्याला घालावे तरी काय?