डुकराचे पाय आणि आईचा अर्ज

९ सप्टेंबर, मंगळवार

शी! दोनदा साबणानं आणि एकदा लिंबानं हात धुतले, तरी वास जात नाही.

वीस वर्षं विद्यापीठाच्या नाट्यविभागात कपडे शिवते आहे. आता डीनबाईंच्या मनात आलंय, की एका विभागाचं हातकाम दुसऱ्यानं शिकायचं. "सीमा ओलांडा, लारिसा!" ओलांडली. पलीकडे वैद्यकीय विभागात स्टीलच्या ट्रेमध्ये डुकराचे पाय मांडून ठेवले होते. खुरांसकट. कातडीवर राठ केस. तिथले विद्यार्थी माझ्याकडे धावदोरा नि तुरपाई शिकायला येणार, आणि मी त्यांच्याकडे कातडी शिवायला. काय पण अदलाबदल!

शिकवायला डॉ. रेमेडिओस आहेत. सगळे रेमीच म्हणतात. ठेंगण्या, आवाज मात्र शाळेच्या घंटेचा. "सुईला बोट लावायचं नाही. चिमट्यात धरा, मनगट वळवा."

सुईला बोट लावायचं नाही! मग मला बोलावलं कशाला?

११ सप्टेंबर

माहेरच्या गावाहून, डॉफिनहून, आईचं पाकीट. आत देहदानाचा अर्ज. वारसाच्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली आणि बाण. चिठ्ठीत दोनच ओळी — "डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, कागदपत्रं उरकून घ्या. मी उरकते आहे, तू सही कर."

देह कुठे येणार? माझ्याच विद्यापीठात. मी मंगळवारी जिथे डुकराचे पाय शिवते, त्याच्या पुढच्या दालनात.

दफनभूमीत बाबांच्या शेजारची जागा घेऊन ठेवली आहे. दगडावर तिचं नावसुद्धा कोरलंय, तारीख तेवढी बाकी. आमच्याकडे माणूस उघड्या पेटीतून जातं. अंगावर चांगले कपडे, हातांखाली भरतकामाचं कापड. सगळ्यांना शेवटचं भेटून जातं. आणि ही ट्रेमध्ये जाणार?

माझी सही नसेल तर अर्ज घेत नाहीत. विचारून पाहिलं. बटणांच्या खणात टाकला.

१६ सप्टेंबर

आज जे केलं ते इथेसुद्धा लिहवत नाही.

टाका छान बसला होता. गाठ मारली, आणि वीस वर्षांची सवय — वाकले आणि दातानं दोरा तोडला! डुकराच्या पायाला ओठ लागले. थंडगार, चरबट. कुणीतरी ओरडलं. मी नळाकडे धावले. चुळा भरभरून जीभ बधिर झाली.

कीगन नावाचा एक मुलगा आहे, कायम च्युइंगगम चघळणारा. म्हणाला, "मीठ हवंय का?"

सगळे खो खो हसले. रेमीसुद्धा.

२१ सप्टेंबर, रविवार

आईला फोनवर सगळं सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं. वास, खूर, हसणारी पोरं. मुद्दाम. किळस आली की आपणच विचार सोडेल.

हसली! "अगं, मी तीस वर्षं शाळेतल्या पोरांची उष्टी ताटं धुतली. मला काय सांगतेस?" मग — "सही झाली?"

पेन सापडत नाही म्हटलं. शिवणकाम करणारीच्या घरात पेन नसतं, हे तिनं कसं काय मान्य केलं कोण जाणे.

३० सप्टेंबर

पुढचं दालन उघडलं. आजपासून माणसं.

आमच्या टेबलावर एक म्हातारी आहे. चेहऱ्यावर कापड. रंग जुन्या मेणासारखा, आणि औषधाचा वास असा, की घरी आल्यावर पावातसुद्धा तोच. रेमी अजून यायच्या होत्या. कीगन कॉफी घेऊन आला. इथे काही खायचं-प्यायचं नाही असं दारावरच लिहिलेलं आहे. कप टेकवायला जागा दिसेना, तर त्यानं तो ठेवला तिच्या गुडघ्यांच्या मध्ये.

मी म्हटलं, "उचल तो."

"चिडू नका हो लारिसा. ती काही बोलणार नाही."

तोंडात गम होतंच.

५ ऑक्टोबर, रविवार

कपाचं सांगितलं. पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज. मग आई म्हणाली, "काळी कॉफी होती की दुधाची?" आणि हसली.

हिला कशानंच काही होत नाही!

७ ऑक्टोबर

गेले नाही. पोट बिघडलंय म्हणून कळवलं. खोटं.

१२ ऑक्टोबर, डॉफिन

सुट्टीसाठी आईकडे. कोबीच्या पानांत भात भरून तिनं बसून बसून गुंडाळ्या केल्या, मध्ये दोनदा धाप लागली. जेवल्यावर सरळच विचारलं, "का करतेस असं? बाबा तिथे एकटे."

"बाबांना एकटं आवडायचं." मग बराच वेळ टेबलावरचे कण बोटानं गोळा करत बसली. "मला मास्तरीण व्हायचं होतं, तुला माहीत नसेल. सातवीनंतर काढलं शाळेतून. मग त्याच शाळेत स्वयंपाकाला गेले. वर्गात चाललेलं सगळं खिडकीतून ऐकू यायचं. आता एकदा तरी वर्गापुढे उभी राहीन. म्हणजे, आडवी."

आपल्याच विनोदावर इतकी हसली की ठसका लागला.

सेहेचाळीस वर्षांत हे मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तरी परत निघताना तिच्या अंगाचा वास छातीत भरून घेतला आणि मनात म्हटलं — नाही. त्यांच्या हाती नाही देणार.

१४ ऑक्टोबर

गेले. टाके घातले. हात धुऊन निघाले.

२८ ऑक्टोबर

आज खांदा शिवायचा होता. दिवा जवळ ओढला, आणि दिसली ती खाच. ब्राच्या पट्ट्याची. दोन्ही खांद्यांवर, बोटभर रुंद, खोल. मापं घेताना शेकडो बायकांच्या खांद्यांवर मी ही पाहिली आहे. जड छातीच्या, आयुष्यभर उभ्यानं काम केलेल्या बायका. मेल्यावरही भरून येत नाही ती.

टेपसाठी हात आपोआप गळ्याकडे गेला. टेप नव्हता.

मग घाई केली नाही. बारीक, एकसारखे टाके घातले. आत एक थर, वर एक. सुईला बोट न लावता! कीगन म्हणाला, "इतकं कशाला? गुरुवारी परत उघडायचंय." मी पुढचा टाका घेतला. पाच मिनिटांनी पाहते, तर तो माझ्या हातांवर वाकलेला. तोंड बंद. "मनगट कसं वळवलंत? परत एकदा दाखवा ना."

दाखवलं. त्याला तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा जमलं. त्यानं कापड नीट करून तिचा खांदा झाकला. कुणी सांगितलं नव्हतं.

रेमी लांबून पाहत होत्या. म्हणाल्या, "ही बाई चांगली शिकवते." मला वाटलं माझ्याबद्दल. त्यांचं बोट टेबलाकडे होतं.

२९ ऑक्टोबर

सही केली. बाणाच्या टोकावर, नीट. रविवारी आईला सांगेन — तुझा वर्ग चांगला आहे. गमवाला एक आहे, पण शिकेल.

२ नोव्हेंबर, रविवार

मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "तो कागद फाडून टाक." तू सांगायचीस ते सगळं डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणाली. ते ऐकून फोन ठेवला की जेवण जात नसे. "मला भीती वाटते गं. बाबांशेजारीच ठेव."

मी खूप समजावलं. ऐकेना. वर मलाच धीर देत राहिली — "तुझा काय दोष? तू आपली सहज सांगत होतीस."