दोनच रिंगा

३ तारीख
लागली बुवा नोकरी, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. ट्रक धुतले, हॉटेलात भांडी विसळली, पुठ्ठ्याच्या कारखान्यात बोटं चेमटवून घेतली. त्यापुढे हे म्हणजे सासुरवाडीच. फिरती खुर्ची, चहा फुकट. ज्यांच्या रक्तातलं प्रोटीन बिघडलेलं निघतं, त्यांना फोन करून पुन्हा तपासणीला बोलवायचं, एवढंच काम. डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला. चांगल्या रक्ताच्या टेकड्या असतात, बिघडलेल्यात एक सुळका उभा राहतो. प्रत्येकाचा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. आतून हाडं पोखरतात म्हणे, नुसत्या खोकल्यानं फासळी मोडते. म्हातारी माणसं सावकाश उठतात, फोन वाजू दे, असंही म्हणाल्या. सुळक्यावरून मला एक डोंगर आठवला, पुढचं ऐकायचं राहिलं.

५ तारीख
शेजारच्या टेबलावरचे दादा म्हणजे इथलं जुनं खोड. त्यांनी गुरुमंत्र दिला : जरा वाजव, ‘उचलत नाहीत’ लिही आणि मोकळा हो, आपण काय तप करायला बसलोय का. एका आजींना फोन लावला. दोनच रिंगा झाल्या, तेवढ्यात खाली रस्त्यावर क्रेन कलंडली. ठेवला फोन आणि पळालो बघायला. काय गर्दी होती. वर येऊन लिहिलं, ‘उचलत नाहीत’.

१२ तारीख
त्या आजींची मुलगी आली होती. आई फोन घ्यायला उठली, मांडीचं हाड मोडून पडली, संध्याकाळपर्यंत तशीच. गेली. शेजारीण म्हणते, फोन आणखी वाजला असता तर मी बघायला आले असते. दादांनी शांतपणे सांगितलं की पोरानं खूप वेळ वाजवला. मी मान डोलावली. जाताना मुलीनं आमच्या दोघांचे चेहरे नीट पाहून घेतले. जणू तिच्या डोळ्यांतून तिची आईच बघत होती.

१७ तारीख
दादा खोकले आणि फासळी मोडली. रक्तात सुळका निघाला. डॉक्टरबाईंनी दोन आलेख एकावर एक ठेवले. तंतोतंत जुळले. तो सुळका दादांचा नव्हताच. आजींचा होता.

१९ तारीख
दादा गेले. मीही रक्त तपासायला दिलंय.

२० तारीख
रिपोर्ट अजून नाही. बूट घालायला वाकलो, मांडीत कट्‌ — खोलीत एकटाच. पडून लिहितोय. फोन टेबलावर —
वाजला. वायर ओढून खाली पाडला, कानाला लावला. म्हाताऱ्या बाईचा आवाज. बाळा, रिपोर्ट बरा नाही तुझा, लगेच ये म्हणाल्या. मी ओरडलो, पडलोय आजी, माणूस पाठवा — त्या कुणाला तरी सांगत होत्या, उचलत नाहीत. मागून दादांचा आवाज, परत लावू का. एकदा लावा, म्हणाल्या, मग मोकळे व्हा.
कानाला लावलेलाच वाजतोय —
एक —
दोन —