साबणाने धुतलेली करडं

प्रिय शेपूट,

हसू नकोस. उद्या नर्सबाई होऊन मलाच सुई टोचलीस तरी माझ्यासाठी तू शेपूटच. चालायला लागलीस तशी माझ्या मागे मागे गोठ्यात यायचीस, आणि मी वळले की तूही वळायचीस, म्हणून कित्येकदा मला दिसायचीच नाहीस.

तुझं पत्र पोचलं. शेळ्या व्यापाऱ्याला देऊ नका, मी शिक्षण सोडून घरी येते आणि त्यांना सांभाळते, असं लिहिलंस. ते वाचून मी दिवसभर गप्प होते. मी गप्प म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, तुझ्या आईने कपाळाला हात लावून ताप बघितला. उत्तर उशिरा लिहितेय त्याला कारण आहे, पण ते असं एकदम सांगून टाकलं तर मग पत्राला उरलं काय?

तुला आजोबांचा तो जाड कोट आठवतो का? थंडी पडली की शेळ्या व्यायला लागायच्या, आणि एखादं करडू गारठलेलं निघालं की आजोबा ते कोटाच्या आत घालून बटणं लावायचे. तसेच चहाला बसायचे. पोस्टमन आला तर कोटातून बें बें. तो बिचारा पत्र टाकायचा आणि यांच्या पोटाकडे बघतच राहायचा. उन्हाळ्यात आपण तिघं पाला तोडायला जायचो, तू खाली भारा बांधायचीस आणि अर्धा भारा शेळ्याच पळवायच्या. पावसाळ्यात चिखलाने खूर वाढायचे. आजोबा शेळीचा पाय मांडीवर घेऊन चाकूने खूर कापत बसले की तू खाली पडलेले तुकडे डबीत गोळा करायचीस. चंद्र आहेत म्हणायचीस. ती डबी मी कितीदा फेकायला काढली! वास मारते गं, पण फेकवत नाही.

तुझ्या बाबाला मात्र हे कधीच रुचलं नाही. लहानपणीसुद्धा शाळेतून आला की आधी हात धुणार, मग बोलणार. ट्रक चालवायचा तर ट्रकसुद्धा आरशासारखा. आता पाठीने दगा दिला म्हणून घरी बसला, आणि घरी बसलेल्या माणसाला वास जास्त येतो. आई, तुझ्याने होत नाही आता, म्हणायचा. खोटं नव्हतं ते. त्या ठकी शेळीने मला दाव्यासकट विहिरीपर्यंत फरफटत नेलं होतं, माझी एक चप्पल अजून सापडली नाही. तर सगळ्या व्याल्या की व्यापारी येऊन घेऊन जाणार, असं ठरलं. मी हो म्हटलं. गुडघेच नाही म्हणू देईनात.

ठकीचे दिवस भरत आले होते आणि नेमकं त्याच दिवशी तुझी आई मला गुडघे दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. मागे घरी बाबा एकटा. ठकी भर दुपारी व्याली. दोन करडं, दोन्ही पाटी, म्हणजे पोरीच झाल्या. त्याने घाबरत घाबरत सगळं नीट केलं हो, नाकं पुसली, नाळ कापली. लहानपणी दारातून बघितलेलं कुठेतरी राहिलं असणार. पण मग त्याला वाटलं, किती घाण झाल्यात बिचाऱ्या. पाणी तापवलं, टब काढला आणि तुझ्या आईच्या गुलाबाच्या साबणाने दोघींना न्हाऊ घातलं. वर भांगही पाडला. आम्ही आलो तर चुलीजवळच्या खुर्चीत दोघी फोटो काढायला बसवल्यासारख्या, आणि बाबा शेजारी छाती काढून उभा.

मला हसू आवरेना, पण दोघींना आधी ठकीपुढे नेऊन ठेवलं. शेळी करडाला डोळ्यांनी ओळखत नाही, वासाने ओळखते. ठकीने एकदा हुंगलं आणि अशी ढुशी दिली की धाकटी भिंतीला जाऊन आपटली. तिच्या लेखी त्या न्हाव्याच्या दुकानातून आलेल्या कुणीतरी परक्या होत्या. बाबाचा चेहरा बघवेना.

इलाज एकच. ठकीचाच चीक काढून करडांच्या पाठीला नि शेपटीला चोळायचा, तिला कोपऱ्यात दाबून धरायचं आणि करडांना सडाला लावायचं. दूध पोटातून फिरलं की करडाच्या अंगाला आईचा वास येतो. पण धरणार कोण? माझे गुडघे असे, तुझ्या आईला ठकी जवळ उभं करत नाही. बाबा बाह्या सरसावून आत गेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच. पाठीला पट्टा बांधलेला, गुडघा ठकीच्या कुशीत, आणि तोंडाने तिला समजावणं चाललेलं, की बाई, चूक माझी आहे, पोरींवर राग कशाला? मी बाहेर बसून ऐकायची. इतकं तर तो लग्नानंतर तुझ्या आईशीही बोलला नसेल.

आठवडा गेला असेल. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर दावं त्याच्या हातात सैल लोंबत होतं. ठकीने मान खाली घातली, धाकटीचा कान चाटला, आणि घशातल्या घशात ते घुमणं सुरू केलं, जे शेळी फक्त आपल्या करडाशी करते. बाबा तिथेच पेंढ्यावर बसला. माझ्याकडे पाठ होती, पण खांदे हलत होते. मी कप उंबऱ्यावर ठेवला आणि मागे फिरले.

परवा व्यापारी आला. बाबा फाटकाशीच उभा राहिला, आत येऊच दिलं नाही. म्हणाला, "यंदा नाही. माझ्या दोघी अजून पाला खायला शिकतायत." व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघितलं.

तर पोरी, हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की तू येऊ नकोस. तुझं ते पत्र मी बाबाला दाखवलेलंच नाही. तू येते म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला होता, तुझी खाट झटकून उन्हातही टाकली होती, खोटं कशाला बोलू? पण त्या खाटेवर मी तुला शिक्षण अर्धवट सोडून झोपू दिलं नसतं, शेळ्या गेल्या असत्या तरीही. आता तर त्या जातच नाहीत. तू तुझे पेशंट सांभाळ. सुट्टीत मात्र नक्की ये, पाहुणी म्हणून ये. गोठ्यात जायचं असेल तर बाबाला विचारून जावं लागेल, हात धुऊन. हल्ली मलाही विचारावं लागतं.

तुझीच, गालातल्या गालात हसणारी,
आजी