खोट्या श्राद्धाचा भात

१४ ऑक्टोबर

आजेसासऱ्यांचं श्राद्ध पार पडलं आणि सासूबाई जेवल्या! वसंतात सासरे गेले, तेव्हापासून पेजेचे दोन घोट घेतात नि वाटी सरकवतात. आज नैवेद्यातलं सगळं भातावर घेतलं — नेच्याचे कोंब, मोड, मुळा, खाऱ्या माशाचा तुकडा — वर सोयाचं पाणी, कालवलं आणि वाडगा साफ. मी बघतच राहिले.

"पूर्वजांच्या पुढ्यातलं टाकायचं नसतं," एवढंच म्हणाल्या.

१६ ऑक्टोबर

पुन्हा पेज. पुन्हा दोन घोट.

डॉक्टर म्हणाले, आणखी वजन उतरलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. मला तिथेच रडू आलं. सासूबाई मख्ख — "घाला की." पुढचं श्राद्ध थेट थंडी सरल्यावर. तोवर ही बाई टिकायची नाही.

१७ ऑक्टोबर

पूर्वज कमी पडतायत ना? मग वाढवू!

आमच्या आंदोंग गावच्या बाजारात 'खोट्या श्राद्धाचा भात' पाटी लावून विकतात. जुन्या विद्वानांना चमचमीत खायचं असायचं, पण लोक काय म्हणतील — म्हणून कोणी मेलेलं नसताना श्राद्ध मांडायचे म्हणे. विद्वानांना चालतं, मग सुनेने काय कुणाचं घोडं मारलंय?

१८ ऑक्टोबर

हे शनिवारचे नोकरीच्या शहराहून, देगूहून, आले. दारातच सांगून टाकलं — आज पणजोबांच्या धाकट्या भावजयीचं श्राद्ध. बिचारी निपुत्रिक, इतकी वर्षं उपाशी.

"अगं, पण अशी कोणी नव्हती."

"आता आहे."

"मग पानापुढे लावायच्या पितराच्या चिठ्ठीवर नाव काय लिहू?"

"बायकांचं नाव कधी लिहिलंय तुमच्यात? माहेरचं आडनाव टाका, झालं."

ह्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मी बजावलं, नमस्कार करताना हसलात तर भांडी तुम्ही घासायची. हसलेच! कपाळ जमिनीला टेकलेलं होतं म्हणून निभावलं.

सासूबाईंनी विचारलं, "हिचं आपण कधी केलं नव्हतं ते?" मी ठोकून दिलं, "मामंजींनी जाण्याआधी मला सांगून ठेवलं होतं." त्यांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जेवल्या. भात मागून घेतला.

२५ ऑक्टोबर

घात झाला. पालकात सवयीने लसूण गेला!

श्राद्धाच्या पानात लसूण म्हणजे पितर दारातूनच माघारी. पण आजचे चुलत पणजोबा माझेच घडवलेले, त्यामुळे हात सैल सुटला. सासूबाई चावता चावता थांबल्या.

"ह्यांना लसूण चालायचा वाटतं," म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.

२७ ऑक्टोबर

वजन वाढलंय. थोडंसंच, पण वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय देता? म्हटलं, घरचंच.

१ नोव्हेंबर

धिरड्यांच्या वासाने चुलतसासरे आले. या माणसाला घराण्याच्या सगळ्या पिढ्या तोंडपाठ. आत येता येताच, "आज कोणाची तिथी?"

मी धिरडं उलटत म्हटलं, "तुमच्या… आजोबांच्या धाकट्या बहिणीची."

"आजोबांना बहीण नव्हती."

हे लगबगीने पाणी आणायला पळाले — ऐन वेळी पळणारच. गावभर बोभाटा होईल त्याचं काही नाही. पण पानातले पितर खोटे आहेत हे सासूबाईंना कळलं, तर पुन्हा पेज, आणि मग ती नळी.

सासूबाईंनी वाडग्यातून मानही वर केली नाही. "होती, भाऊजी. तुम्ही जन्मायच्या आधीच गेली. बसा, गार होतंय."

चुलतसासरे बसले. दोन वाडगे चापले, आणि जाताना त्या न जन्मलेल्या आत्येआजींसाठी हळहळले सुद्धा.

म्हणजे ह्या बाईला सगळं ठाऊक आहे? कधीपासून? विचारायची हिंमत होत नाही. भांडी घासताना मी एकटीच हसत होते.

८ नोव्हेंबर

आज मी काहीच ठरवलं नव्हतं. उठले तर सासूबाई कंबर बांधून ओट्याशी, मुळा किसतायत.

"आज माझ्या धाकट्या भावाचं श्राद्ध. मांस जास्त घाल, त्याला आवडतं."

"अहो, पण मामा परवाच फोनवर बोलले माझ्याशी!"

"हो ना. बारापर्यंत पोचतो म्हणालाय जेवायला."